दिसायचं कुणाला?

आठवीत असताना इंदुरीतल्या आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये वर्गातला एक मुलगा लावणीवर नाचला. नऊवारी, घुंगरू, सगळं. इतका सुंदर नाचला की पहिलं मिनिटभर कुणाला हसायचं सुचलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘ए गणपत पाटील!’ आणि हशा पिकला. ओरडणाऱ्यांत मीही होतो. दहावीपर्यंत ते नाव त्याला चिकटलं.

कोल्हापूरचे गणपत पाटील म्हणजे तमाशापटांतला नाच्या. बायकोमुलांचा संसार असलेला माणूस. पण लोकांनी भूमिका आणि माणूस यांत फरकच केला नाही. टिंगल पडद्याबाहेरही त्यांच्या मागे राहिली. याच महाराष्ट्रात बालगंधर्वांच्या साड्या, त्यांचे दागिने घरंदाज बायकांनी उचलले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. दोघेही स्त्रीवेशातले पुरुष. एकाला नमस्कार, दुसऱ्याला शिट्टी. संगीत नाटक पांढरपेशांचं होतं, तमाशा प्रामुख्यानं दलित-बहुजनांचा. फरक साडीत नव्हता, कुणाच्या मंचावर नेसली यात होता.

अमेरिकेतला कृष्णवर्णीय नर्तक आल्विन एली समलिंगी होता. १९६० साली ‘रेव्हलेशन्स’मध्ये त्यानं आपल्या लोकांचं दुःख आणि श्रद्धा नाचातून जगापुढे मांडली. १९८९ साली तो एड्सनं गेला, तेव्हा आईला त्रास नको म्हणून मृत्यूचं कारण वेगळं सांगायला त्यानं डॉक्टरांना विनवलं होतं. एवढा दिसलेला माणूस, आणि तरी लपलेला.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ बद्दल निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. आता दरवर्षी जूनमध्ये आमच्या ऑफिसात इंद्रधनुषी पोस्टर लागतं : स्वतःला लपवू नका. वाक्य चांगलंय. पण ते नेहमी दिसणाऱ्याला उद्देशून असतं. बघणाऱ्यानं कसं बघावं, याचं पोस्टर कुठेच नसतं. धोका मात्र सगळा दिसणाऱ्याचा.

मागच्या महिन्यात टीममधल्या एकीनं मोबाईलवर एक रील दाखवलं. तोच मुलगा, तीच अदा, खाली हजारो लाइक्स. घरी येऊन मी माझ्या फोनवर शोधलं. प्रोफाइल सापडेना. त्यानं मला ब्लॉक केलं होतं.

आधी वाईट वाटलं. मग कळलं, तो लपलेला नाहीये. कुणाला दिसायचं, एवढंच त्यानं ठरवलंय. दुसऱ्या अकाउंटवरून बघता आलं असतं. मी बघितलं नाही. त्याला देण्यासारखं माझ्याकडे सध्या तेवढंच आहे.