अज्ञान पालनकर्ता

आमच्या बँकेच्या भाषेत १८ वर्षांखालच्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात. यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो, कायद्याची भाषाच तशी आहे. सातबाऱ्यावरसुद्धा बाप गेलेल्या लेकराच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे लिहिलेले असते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मी नोकरीला नवा होतो तेव्हा याचा अर्थ 'ज्याला काही कळत नाही असा पालनकर्ता' असा लावत होतो. साहेबांनी चार लोकांत माझी ती चूक दुरुस्त केली. गेली वीस वर्षे मी दुरुस्त अर्थाने नोकरी करत होतो. मागच्या महिन्यात मात्र एका सात वर्षांच्या मुलीने दाखवून दिले की, माझा पहिलाच अर्थ बरोबर होता.

त्याचे झाले असे. आमच्या गंगाखेडच्या शाखेतले कॅशियरसाहेब आजोबा झाले. कॅशियरसाहेब म्हणजे मोजका माणूस. नोटा जशा मोजतात तसेच शब्दही मोजून देतात. हातात गड्डी असताना मॅनेजरने हाक मारली तरी ओ मिळत नाही. असा हा माणूस एके दिवशी डबा खाताना आपण होऊन म्हणाला, "रविवारी परभणीला या सगळे. नातवाचं समर्पण आहे."

कॅशियरसाहेब ख्रिस्ती आहेत हे ठाऊक होते. नाताळला त्यांच्या घरच्या करंज्या आणि केक आम्ही दरवर्षी न चुकता संपवतो. पण 'समर्पण' ऐकून माझा घास हातातच राहिला.

"समर्पण? कुणाला?"

"देवाला."

"परत मिळतं ना?"

"लगेच. जेवणाच्या आधी."

मला जरा हायसे वाटले. मग मी माझे ज्ञान पाजळले. "म्हणजे बाप्तिस्मा म्हणा की!"

"नाही. बाप्तिस्मा तो मोठा झाल्यावर घेईल. घ्यायचा असला तर."

हे 'घ्यायचा असला तर' माझ्या डोक्यात दिवसभर व्याजासारखे वाढत राहिले. माझी समजूत अशी की, धर्म ही रेशनकार्डासारखी गोष्ट आहे. माणूस जन्मला की त्याचे नाव चढते, आणि ते उतरवायला मरणाचा दाखला लागतो. इथे आजोबाच सांगत होते की, नातवाचे नाव अजून चढलेले नाही. चढवायचे की नाही ते तो ठरवील.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी विषय पुन्हा काढला. या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांतच दोन पक्ष आहेत, हे मला तेव्हा कळले. काही मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांसारख्या काही मंडळ्यांचे म्हणणे असे की, विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा. तान्ह्या बाळाला कसला आलाय विश्वास? त्यामुळे बाळाला नुसता आशीर्वाद द्यायचा, आईबापांनी त्याला देवापुढे अर्पण करायचे आणि पुढचे त्याच्यावर सोडायचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या चर्चेस एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले, तेव्हा हाच प्रश्न पुढे होता. तोडगा असा निघाला की, दोन्ही मार्ग खुले ठेवायचे. ज्या आईबापांना जो पटेल तो त्यांनी घ्यावा. आमच्याकडे दोन बँकांचे विलीनीकरण झाले तर पासबुकाचा रंग कोणता ठेवावा यावर एकमत होत नाही. मला त्या सहा जणांचे कौतुक वाटले.

"आमचे टिळक बघा," कॅशियरसाहेब म्हणाले. हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो जाणत्या वयात, स्वतःच्या जबाबदारीवर. लक्ष्मीबाईंनी मात्र घेतला नाही. नवऱ्यापासून दूर राहिल्या, सोसले, आणि पुढे काही वर्षांनी स्वतःला पटले तेव्हाच घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसता हसता डोळे पुसावे लागतात ते यामुळेच. नवऱ्याला बायकोच्या वतीने विश्वास ठेवता येत नाही, तर आजोबाला नातवाच्या वतीने कसा ठेवता येणार?

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या वाटले, आपल्याकडे देवाला मूल वाहण्याची रीत काही नवी नाही. नवस बोलायचा, मूल झाले की वाहायचे. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईचेच बघा ना. परंपरा सांगते की, लहानपणीच वडिलांनी तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवले, आणि ती जन्मभर नामदेवांच्या घरची दासी म्हणवून घेत राहिली. तिला कुणी विचारले होते असे कुठे ऐकले नाही. तिचे मोठेपण हे की, त्या दळणकांडणातच तिने देवाला गाठले, त्याला प्रसंगी फैलावर घेतले, शेणी वेचायला लावले. पण सगळ्याच काही जनाबाई होत नाहीत. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या आणि देवीला सोडलेल्या देवदासी यांचे काय झाले ते महाराष्ट्राला माहीत आहे. आईबापांनी काढलेल्या कर्जाचे हप्ते जन्मभर लेकीने फेडले. कर्जाच्या कागदावर सही मात्र तिची कुठेच नव्हती. अखेर ही चाल बंद करण्यासाठी १९३४ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, आणि २००५ साली महाराष्ट्राला पुन्हा नवा करावा लागला. एकाच कायद्याने भागले नाही, यावरून मुळे किती खोल गेली होती ते कळावे.

म्हणजे 'समर्पण' हा शब्द सोपा नाही. रविवारी मी जरा सावधच होऊन निघालो. बरोबर सौभाग्यवती आणि आमची धाकटी. थोरले चिरंजीव लातूरला असतात. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

चर्च छोटेसेच होते. चपला बाहेर, सतरंजीवर बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पेटी आणि तबला. डोळे मिटले असते तर भजनाला बसलोय असेच वाटले असते. गाणी झाली, आणि मग पाळकसाहेबांनी बाळाला आईबापांसकट पुढे बोलावले. बाळ झोपले होते. ज्याच्यासाठी सगळा कार्यक्रम असतो तो झोपलेला असतो, हा अनुभव मला निवृत्तीच्या सत्कारांमुळे होता.

पाळकसाहेबांनी शुभवर्तमानातली एक गोष्ट वाचली. लोक आपली लेकरे येशूकडे घेऊन आले तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावले. हे शिष्य म्हणजे आमच्या केबिनबाहेरचे शिपाईच. 'साहेब कामात आहेत' हेच म्हणायचे. येशू शिष्यांवर रागावला, आणि त्याने लेकरांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला. मला एकदम जनाबाईच्या नावावरचा तो प्रसिद्ध अभंग आठवला, ज्यात विठोबाच्या खांद्यावर, कडेवर, अंगाखांद्यावर पोरेच पोरे आहेत. मधले लोक दटावत असले तरी देव पोरांना कडेवर घेतो, याबद्दल दोन्ही ठिकाणी एकमत दिसले.

मग प्रश्न सुरू झाले. मी फॉर्म वाचून पोट भरणारा माणूस. कोणत्या कलमाचा बोजा कुणावर पडतो ते आपोआप बघतो. पाळकसाहेबांनी आईबापांना विचारले, हे मूल देवाचे दान आहे असे मानता का? त्याला सन्मार्गाने वाढवाल का? आपल्या वागण्यातून त्याला शिकवाल का? प्रत्येक वेळी दोघे 'होय' म्हणाले. मग सगळ्या मंडळीला उभे करून तिच्याकडूनही वचन घेतले. मी थक्क झालो. देवाला बाळ द्यायचे म्हणून सगळे जमले होते, आणि बाळाच्या नावावर एकही अट नव्हती! तू डॉक्टर हो, आमचे नाव काढ, म्हातारपणी सांभाळ, यातले काही नाही. सगळे हप्ते आईबापांवर. हे समर्पण म्हणजे उलट्या बाजूने लिहिलेला नवसच होता. एवढ्यात बाळ जागे झाले आणि त्याने पाळकसाहेबांचा चष्मा ओढला. करारावर त्याची तेवढीच सही.

नेमक्या त्या शांततेत आमच्या धाकटीने आपल्या नेहमीच्या, म्हणजे भाजीबाजारातल्या आवाजात विचारले, "बाबा, बाळाला का नाही विचारलं?"

दोन-चार टोप्या वळल्या. मी हळूच म्हणालो, "ते लहान आहे, बेटा. मोठं झाल्यावर विचारतील."

"मग दादा तर मोठा होता. दादाला विचारलं होतं का?"

पेटी सुरू झाली म्हणून मी वाचलो.

आता दादाविषयी. आमचा थोरला जन्मला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात माझे वडील पेढा तोंडात घालत म्हणाले होते, "डॉक्टर आला!" बारसे त्यानंतर बारा दिवसांनी झाले, म्हणजे पोराला नावाच्या आधी पदवी मिळाली. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या घरात वडिलांच्या पिढीपासून कानाला चिकटलेली. आमची काही बनली नाही, पोराची बनवायचीच. दहावी झाली आणि आम्ही त्याला लातूरला ठेवले. मराठवाड्यात आईबाप हल्ली मूल खंडोबाला वाहत नाहीत, 'नीट'ला वाहतात. होस्टेलचा फॉर्म मी भरला. 'विद्यार्थ्याची सही' या चौकोनावर बोट ठेवून म्हणालो, "इथं कर." त्याने केली.

यातली गंमत अशी की, रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना सांगून ठेवले आहे की, दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू द्यायला हरकत नाही. चिरंजीवांचे तसे खाते मीच उघडून दिले, आणि गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगतही होतो. म्हणजे दोनशे रुपये काढण्यापुरती अक्कल पोराला आहे हे मला मान्य होते. आयुष्य काढण्यापुरती आहे का, हे विचारायचे तेवढे राहून गेले.

परतीच्या वाटेवर हे मी सौभाग्यवतींना बोललो. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला तरी कुठं विचारलं होतं?" यावर मला बोलायला जागाच नव्हती. आईला पालक मानायचे की नाही, यावर खुद्द रिझर्व्ह बँकेविरुद्ध गीता हरिहरन नावाच्या लेखिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. मुलाच्या नावे रोखे घ्यायचे तर बापाची सही हवी, असे बँकेचे म्हणणे होते. बाप हयात असतानाही आई पालक असू शकते, असे १९९९ साली न्यायालयाने सांगितले. हा निकाल मी बढतीच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. घरी लागू करायचा राहिला.

बढतीवरून आठवले. बायबलात आणखी एक प्रसंग आहे, तो कॅशियरसाहेबांनी जेवताना सांगितला. शिष्यांनी येशूला विचारले, आमच्यात मोठा कोण? म्हणजे सीनियॉरिटी लिस्टच मागितली म्हणा ना. त्याने यादी लावली नाही. एका लेकराला बोलावून मधोमध उभे केले आणि म्हणाला, यासारखे व्हा. मला आजवर वाटायचे, लेकरे निष्पाप असतात म्हणून तो तसे म्हणाला असेल. पण ज्याच्या घरी दोन मुले आणि एकच टीव्ही आहे तो या मताला फार दिवस चिकटून राहत नाही. आता वाटते, कोणता प्रश्न विचारायचा नसतो हे लेकराला ठाऊक नसते, म्हणून त्याला मधोमध उभे करायचे. आम्हा मोठ्यांना ते चांगले ठाऊक असते. किंबहुना तेवढे कळले की लोक आपल्याला मोठे म्हणतात.

कॅशियरसाहेबांच्या घरच्या पंगतीत त्यांच्या वृद्ध आईने मला आणखी एक गोष्ट ऐकवली, ती जुन्या करारातली. हन्ना नावाच्या बाईने नवसाने झालेला मुलगा, शमुवेल, देवळात देवाच्या सेवेला ठेवला. "पण ती दरसाल त्याला एक अंगरखा शिवून न्यायची," म्हातारी म्हणाली. "लेकरू देवाला दिलं, तरी माप आईपाशीच की हो!" आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

रात्री मी लातूरला फोन लावला. एरवी तो सौभाग्यवती लावतात आणि शेवटी मला 'किती पडले?' एवढे विचारायला देतात.

"हॅलो बाबा? काय झालं? आजोबा बरे आहेत ना?"

म्हणजे बापाने नुसता फोन केला तर घरात कुणीतरी आजारी असले पाहिजे, हे सोळा वर्षांत त्याच्या अनुभवाला आले होते.

"सगळे बरे आहेत. मी म्हटलं... तुला तिथं आवडतं का? तुला हेच करायचंय ना?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की, फोन कटला असे वाटून मी दोनदा स्क्रीनकडे बघितले.

"विचार करून सांगू का?" तो म्हणाला.

"सांग. कितीही वेळ घे."

"हां." मग थोड्या वेळाने, "बाबा, येताना दोन शर्ट आणा. जुने आखूड व्हायलेत."

"आणतो. माप काय तुझं?"

"आता मला काय माहीत! मागच्या वेळी तुम्हीच तर घेतले होते."

मागच्या वेळी म्हणजे दीड वर्षापूर्वी. त्यानंतर आम्ही दर महिन्याला लातूरला गेलो, चिवडा नेला, लाडू नेले, प्रत्येक चाचणीचे गुण वहीत उतरवून घेतले. त्याची उंची कुणीच उतरवून घेतली नव्हती.

येत्या रविवारी मी लातूरला चाललो आहे. शर्ट तिथेच घेऊ म्हणतो. तो काय सांगेल कोण जाणे. वडिलांना काय सांगायचे हेही अजून ठरलेले नाही. धाकटीने मात्र तिच्या आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप आठवणीने माझ्या पिशवीत टाकून ठेवली आहे.