झाडाच्या भल्यासाठी

अवसरी खुर्दला बांधावरची बाभूळ छाटताना कुणी तत्त्वज्ञान सांगत नाही. सावलीत कांदा पोसत नाही आणि दारच्या शेळ्यांना पाला लागतो, मामला उघड. शेजारच्या जुन्नरचा द्राक्षवालाही एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करतो, पण वेलीवर उपकार केल्याचा आव आणत नाही. मला हा रोखठोकपणा आवडतो. आमच्या सोसायटीतली मंडळी मात्र खिडकीत उजेड हवा म्हणून कडुलिंबाचा शेंडा उडवतात आणि वर म्हणतात, "झाडाच्या तब्येतीला बरं असतं हो!" (पोरांना शिकवणीला घालतानाही सूर हाच.)

वाळकी, रोगट फांदी काढावी, हे खरंच. तीही बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता, खुंट न ठेवता. म्हणजे कडेनं नवी साल वाढून घाव झाकला जातो. झाकलाच जातो, भरत नाही. झाड तो आतल्या आत कोंडून ठेवतं आणि वर नवं लाकूड चढवतं. पन्नाशीचं झाड पाडलं, तर पाचव्या वर्षीचा घाव आत तसाच सापडतो.

शेंडा उडवलेल्या झाडाला भराभर दाट फुटवा येतो. "बघा, कसं तरारलंय!" पण पोटाला पानं उरली नाहीत म्हणून शिल्लक मोडून काढलेली ती पालवी, तिची पकड कच्ची. वळवाच्या वाऱ्यात आधी मोडतात त्या याच फांद्या. मग झाड धोकादायक ठरतं आणि कुऱ्हाडवाल्याला पुन्हा बोलावणं जातं.