आकड्यातले वचन

मराठीत 'आवृत्ती' हा शब्द फार दिवस छापखान्याच्या मालकीचा होता. पुस्तकाच्या प्रती संपल्या आणि ते पुन्हा छापले, की झाली दुसरी आवृत्ती. आत एखादा स्वल्पविराम बदललेला असो, नाही तर शेवटचे प्रकरण सबंध नवे लिहिलेले असो, पहिल्या पानामागे शब्द छापायचे ते दोनच : 'आवृत्ती दुसरी'. आम्हा कादंबरीकारांना हे मोठे सोयीचे असते. आता हाच शब्द संगणकाच्या दुनियेत जाऊन बसला आहे आणि तेथे त्याच्यापुढे २.४.१ असले काहीतरी लिहिलेले असते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा या टिंबांकडे माझे लक्ष गेले ते शाळामास्तराच्या नजरेने. फळ्यावर १.९ आणि १.१० लिहून मोठी संख्या कोणती असे विचारले, तर सहावीतला मुलगाही १.९ असे सांगेल, आणि त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. सॉफ्टवेअरच्या हिशेबात मात्र १.९ च्या पुढची आवृत्ती १.१०. कारण ते टिंब दशांशचिन्ह नव्हेच. वहीत रकाने पाडावेत तसे ते रकाने आहेत, आणि प्रत्येक रकान्याचे मोजमाप वेगळे.

या रकान्यांचा अर्थ अनेकांनी अनेक तऱ्हांनी लावला आहे. पण त्यातली सर्वांत विचारपूर्वक बांधलेली पद्धत 'सिमँटिक व्हर्शनिंग' या नावाने ओळखली जाते. 'गिटहब'च्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यांनी ती मांडली. २०१३ साली तिच्या नियमांचीच २.०.० ही आवृत्ती निघाली. नियम थोडक्यात असा : नुसती चूक दुरुस्त केली असेल तर शेवटचा आकडा वाढवावा. जुने सारे जसेच्या तसे ठेवून नवी भर घातली असेल तर मधला वाढवावा. आणि ज्यावर लोक आजवर विसंबून होते असे काही मोडले असेल, तर पहिला वाढवावा. डावीकडचा आकडा वाढला की उजवीकडचे शून्यावर येतात. आरंभी शून्य असेल, तर समजावे की घराचे बांधकाम अजून चालू आहे; कोणती भिंत कोठे जाईल याचा भरवसा नाही. शिवाय एकदा एका आकड्याखाली जे बाहेर पाडले, ते त्या आकड्याखाली पुन्हा कधी बदलायचे नाही. चूक सापडली तरी दुरुस्ती नव्या आकड्याखालीच.

हा निव्वळ हिशेबाचा भाग आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. मला तो नीतीचा भाग वाटतो. आज बहुतेक प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेकडो तुकड्यांवर उभे असतात. लिहिणारा कोठल्या देशातला, वापरणारा कोठला. एकमेकांचे तोंडही त्यांनी पाहिलेले नसते. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती मी बिघडवली, तरी वाचकाच्या कपाटातली पहिली सुखरूप राहते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. नवी आवृत्ती पुष्कळदा जुनीच्या जागी येऊन बसते, आणि तीही घरमालक झोपेत असताना. अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो जुनाच : जो बदलतो, तो त्याच्यावर विसंबून असलेल्यांचे काय देणे लागतो?

बदलूच नये, असे उत्तर कोणी देणार नाही. चूक दिसत असूनही ती तशीच ठेवणे हा काही सद्गुण नव्हे. तेव्हा ही पद्धत एवढेच मागते की, बदला, पण कोणत्या जातीचा बदल केला ते आधी सांगा. हे मागणे माफक दिसते. पण ते पाळताना खरी अडचण येते, कारण जात ठरवणार कोण?

आमच्याच शाळेतले एक उदाहरण देतो. निकालपत्रके तयार करण्यासाठी आम्ही एक प्रोग्राम वापरीत होतो. दोन चाचण्यांची सरासरी काढताना अर्धा गुण आला, की तो वरचा पूर्णांक धरी. एके दिवशी त्याची नवी आवृत्ती आली. आकड्यातली फक्त शेवटची जागा एकाने वाढली होती, म्हणजे किरकोळ दुरुस्ती. त्यानंतर ३४.५ चे ३५ होण्याऐवजी ३४ होऊ लागले. करणाऱ्यांनी नियम काही मनाने रचला नव्हता. अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जावे, म्हणजे पुष्कळ संख्यांच्या बेरजेत वरच्या बाजूला झुकाव राहत नाही, हा गणितात मान्य असलेला नियम आहे. त्यांच्या दृष्टीने ती दुरुस्तीच होती. पण आमच्याकडे उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात! कार्यालयातल्या बाईंनी जुनी पत्रके शेजारी ठेवून ताडून पाहिली, म्हणून वाटपाआधी तो फरक सापडला. ज्या मुलाचा निकाल त्या अर्ध्या गुणावर टांगलेला होता, त्याच्या दृष्टीने मोडलेला आकडा पहिला होता, शेवटचा नव्हे.

यात लबाडी कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ते उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. आकडा देणारा बदल करणारा असतो. भोगणारा दुसराच असतो. हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने एक नियम सांगतात : वापरणारे पुरेसे वाढले, की तुमच्या प्रोग्रामचे जे जे वागणे बाहेरून दिसते, त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेला असतोच, मग तुम्ही तसे वचन दिलेले असो वा नसो. तसे पाहिले तर निरुपद्रवी दुरुस्ती अशी उरतच नाही. मग भीतीपोटी दर वेळी पहिलाच आकडा वाढवावा काय? तसे केले तर धोक्याची घंटा रोज वाजेल, आणि रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोणी मान वर करून पाहत नाही.

याला कंटाळून काहींनी आकड्याला निराळे काम दिले आहे. 'उबुंटू'ची पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. वचन नाही, म्हणून वचनभंगही नाही. काहींनी आकडा मिरवायला घेतला. १९९९ साली 'स्लॅकवेअर'ने चारवरून एकदम सातवर उडी मारली, कारण इतरांचे आकडे पुढे गेलेले पाहून लोक त्याला मागासलेले समजू लागले होते.

याच्या उलट टोकाला डोनाल्ड क्नूथ उभे आहेत. ग्रंथांची अक्षरजुळणी करणारा 'टेक' हा त्यांचा प्रोग्राम. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक दुरुस्तीगणिक ते 'पाय' या संख्येचा एकेक अंक पुढे जोडतात; २०२१ साली तो आकडा ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर आकडा 'पाय' करावा आणि उरलेल्या चुकांना चुका न म्हणता गुणधर्म म्हणावे, अशी त्यांची इच्छा आहे. त्या ग्रंथांची पाने पन्नास वर्षांनी आजच्यासारखीच जुळावीत, हा त्यामागचा विचार. ही निष्ठा थोर खरी. पण ज्याचे काम पुरे झाले आहे त्यालाच ती परवडते.

मला सर्वांत विचार करायला लावले ते लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी. त्यांचे 'लिनक्स' आज कोट्यवधी मोबाइल फोनांच्या पोटात आहे. २०११ साली त्यांनी २.६.३९ वरून ३.० वर उडी घेतली, आणि त्यात विशेष काही नाही असे स्वतःच सांगितले. २०१९ साली ४.२० नंतर ५.० आणले, तेव्हा हातापायांची बोटे मोजायला संपली, एवढेच कारण त्यांनी थट्टेने दिले. आकड्याला असे निरर्थक करणाऱ्या या गृहस्थांचा एक नियम मात्र कडक आहे : लोकांचे चालते प्रोग्राम आपल्या बदलाने मोडता कामा नयेत, आणि मोडले तर दोष आपला, त्यांचा नव्हे.

या दोन टोकांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते, की आकडा ही वचनाची पावती आहे, वचन नव्हे. पावती चोख असूनही माल खोटा निघू शकतो. पावती नसतानाही सावकार शब्द पाळू शकतो. म्हणून पावत्या फाडून टाकाव्यात असे मात्र मी म्हणणार नाही. टॉरव्हाल्ड्स यांच्याइतकी सत्ता आणि शिस्त हाताशी नसलेल्या सामान्य लिहिणाऱ्याला तो आकडा एक उपकार करतो. बदल बाहेर पाडण्यापूर्वी क्षणभर थांबून, 'हे कोणाचे काय मोडेल?' असे स्वतःला विचारायला तो लावतो. उत्तर चुकेल. तरी ज्याने प्रश्न विचारला तो आणि ज्याने विचारलाच नाही तो, यांची चूक एका तोलाची नव्हे.

आपण माणसेही बदलतो. मास्तर बदलतात, बाप बदलतात, मित्र बदलतात. पुष्कळदा मोठी मोडतोड करून आपण तिला किरकोळ दुरुस्ती म्हणवतो, आणि दुसऱ्याला ती का बोचली याचे नवल करीत बसतो. आपल्या कपाळावर आकडा छापलेला नसतो हे खरे. पण आपल्या बदलाची जात ठरवताना, ज्याचे ३४.५ होते त्यालाही एकदा विचारावे, एवढे तरी त्या टिंबांकडून शिकण्यासारखे आहे.