झूल आधी कोणाला?


ग्वाल्हेरची थंडी आता हाडांत शिरू लागलीय. रविवारी आम्ही मैत्रिणी बारदानाच्या झुली शिवून गोशाळेत गेलो. कोरडा भुसा अंथरला, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली.

झुली कमी पडल्या. हात आपसूक पांढऱ्या गाईंकडे वळले, फोटोही झाले! कोपऱ्यात एक रेडकू कुडकुडत होतं. म्हशीच्या जातीला केस विरळ, थंडी जास्त बाधते. माउलींच्या रेड्याची गोष्ट आपण नातवंडांना कौतुकाने सांगतो, मग हे कसं दिसलं नाही? सेवा त्या जिवाची चालली होती की आपल्या पुण्याची? तरी गाईची झूल काढून त्याला घालायला कोणी धजावलं नाही. शेवटी एकीने स्वतःची शाल दिली.

पुढच्या रविवारी जुनी पोती आणा. धुऊन, नीट वाळवून. ओल्या झुलीपेक्षा ती नसलेली बरी.