तासलेला क्रूस

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पोर्टमहोमॅक येथे पिक्ट लोकांचा एक मठ होता. वासरांची कातडी कमावून तेथे लेखनासाठी चर्मपत्रे तयार होत. इ. स. 800 च्या सुमारास मठ जळाला आणि त्याचे कोरीव क्रूस फोडले गेले. त्यांचे दोनशेहून अधिक तुकडे आजवर मिळाले आहेत. त्यांतील बरेचसे 1994 ते 2007 या काळात मार्टिन कार्व्हर यांच्या उत्खननात सापडले. घाव घालणारे समुद्रमार्गे आलेले नॉर्स लुटारू असावेत, असा तर्क आहे. परक्या शत्रूने क्रूस फोडला, यात दुःख आहे. नैतिक कोडे नाही.

कोडे आहे ते काही मैलांवरील हिल्टन ऑफ कॅडबॉल या खेड्यात. तेथील त्याच काळातील भव्य शिळेच्या एका अंगावर क्रूस होता, तर दुसऱ्यावर शिकारीचे दृश्य. सतराव्या शतकात क्रूसाची बाजू छिन्नीने तासून सपाट केली गेली आणि तिच्यावर अलेक्झांडर डफ व त्याच्या तीन पत्नींचे स्मरण 1676 या सालासह कोरले गेले. शिकार राहिली, क्रूस गेला; आणि तोही ख्रिस्ती मृतांसाठी!

डफच्या बाजूनेही बोलता येईल. धर्मसुधारणेनंतरच्या स्कॉटलंडमध्ये असे क्रूस अनेकांना मूर्तिपूजेचे अवशेष वाटत. शिळा घडविणारे केव्हाच नामशेष झाले होते. शिवाय मृतांचे स्मरण हा अशा दगडांचा जुनाच हेतू. पोर्टमहोमॅकच्या एका तुकड्यावरील लॅटिन लेख सांगतो की, हा ख्रिस्ताचा क्रूस अमक्याच्या स्मरणार्थ आहे. त्या अमक्याचे नाव आज पुरते वाचता येत नाही. मग डफने निराळे काय केले?

माझ्या मते, पुष्कळ निराळे केले. पहिल्या कारागिराने मृताला क्रूसाच्या आश्रयाला ठेवले. दुसऱ्याने क्रूसाच्या जागी. ज्याचा अर्थ आपल्याला उरला नाही ते बेवारस, असे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? (जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुनी वेदी किंवा थडग्यांचे दगड हलविताना आपल्या मंडळ्यांतही हाच युक्तिवाद ऐकू येतो.)

2001 मध्ये हिल्टनला शिळेचा तळ जमिनीत रोवलेलाच आढळला. भोवती क्रूसाचे हजारो कपचे पडले होते. ते जुळवून अभ्यासकांनी त्याचे रूप शोधले आणि नव्याने कोरलेली प्रतिकृती गावात उभी राहिली. मूळ शिळा एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावरील डफचे नाव मात्र कोणी तासलेले नाही.