वेदीपलीकडचे गाणे

मिस्सामध्ये गाणाऱ्या कंठाने चर्चबाहेर काय गावे, असा प्रश्न गायकवृंदातील मुलांचे आईवडील धर्मगुरूंना पुष्कळदा विचारतात. प्रश्न जुना आहे. गीताच्या आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हेलावले, तर आपल्या हातून पाप घडले असे संत ऑगस्टीन यांना वाटे. आत्मनिवेदनात त्यांनी तशी कबुली दिली आहे. या प्रश्नाचा विचार करताना मला अमेरिकन गायक कर्टिस मेफील्ड यांचे जीवन आठवते.

मेफील्ड यांचा जन्म शिकागोत १९४२ साली झाला. वडील लवकरच घर सोडून गेले. आईने दारिद्र्यात मुले वाढवली. ज्या सरकारी वसाहतीत ते वाढले तिला संत फ्रान्सिस कॅब्रिनी या स्थलांतरितांच्या आश्रयदात्या धर्मभगिनीचे नाव होते. पुढे मात्र ती वसाहत गुन्हेगारीसाठी कुप्रसिद्ध झाली. मेफील्ड यांची आजी प्रवचनकार होती. तिच्या छोट्याशा प्रार्थनामंदिरात त्यांनी बालपणी कृष्णवर्णीय ख्रिस्ती जनांची ‘गॉस्पेल’ भक्तिगीते गाइली.

याच भक्तिगीतांच्या गायनशैलीतून ‘सोल’ संगीत घडले. या शब्दाचा अर्थच आत्मा. तरीही देवासाठी घडवलेला स्वर ऐहिक प्रेमगीतांना वाहिला, म्हणून अनेक श्रद्धावंत दुखावले. मेफील्ड यांच्या ‘द इम्प्रेशन्स’ या चमूने १९६४ साली ‘अमेन’ हे भक्तिगीत लोकप्रिय केले. १९६५ च्या ‘पीपल गेट रेडी’मध्ये त्यांनी तारणाला आगगाडीचे रूपक दिले आणि नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या माणसांना धीर दिला. इथवर कोणाचा आक्षेप असू नये.

खरी कसोटी १९७२ साली लागली. ‘सुपर फ्लाय’ या चित्रपटाचा नायक कोकेन विकणारा होता. चित्रपट या धंद्याचे उदात्तीकरण करतो, अशी टीका झाली. त्याचे संगीत मेफील्ड यांचे होते. मग ते त्या पापाचे भागीदार ठरतात काय? त्यांच्या गाण्यांचा ताल मोहक होता आणि त्यांतून त्यांना पैसाही मिळाला. हा आक्षेप मला सहज झटकता येत नाही. परंतु त्यांतील एक गाणे नायकाचे गुणगान करीत नाही. या धंद्यात वापरला गेलेला आणि मेल्यावर सारे विसरले असा फ्रेडी नावाचा एक दुर्बळ माणूस, त्याच्यासाठी ते विलाप करते. यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला टाळून याजक पुढे निघून गेला होता, हे आम्हा धर्मगुरूंना विसरून चालणार नाही. मेफील्ड त्या वाटेवर थांबले. पापाकडे पाहणे आणि पापाला संमती देणे, यांतील अंतर त्यांनी राखले असे मला वाटते.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनमधील कार्यक्रमात वाऱ्याने प्रकाशयोजनेचा सांगाडा त्यांच्यावर कोसळला. मानेखालचे शरीर लुळे पडले, गिटार कायमची सुटली. तरीही उताणे पडून, श्वास पुरेल तेवढी एकेक ओळ गात त्यांनी १९९६ चा ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा गीतसंग्रह पूर्ण केला. २६ डिसेंबर १९९९ रोजी ते निवर्तले.

म्हणून आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे: मूल कोठे गाते याची चौकशी जरूर करा. पण गाताना त्याला कोणाचे दुःख दिसते, हेही एकदा त्याला विचारा.