पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा शत्रू

व्हिडिओ गेममध्ये शत्रूला गोळी घातली, तर कोणाचाही जीव जात नाही. तरी त्या गोळीचा आनंद घेणे निर्दोष आहे का, हा प्रश्न उरतो. वाद मात्र बहुधा दुसऱ्याच मुद्द्यावर होतो: असे गेम खेळून मुले हिंसक होतात का? १९९२ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचे काळीज हाताने उपटून काढता येत असे. त्यावरून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि पुढच्याच वर्षी गेमना वयानुसार श्रेणी देणारे मंडळ स्थापन झाले. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना हिंसक गेम विकण्यावरची कॅलिफोर्नियाची बंदी ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटले, की या गेमचा प्रत्यक्ष हिंसेशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडासा संबंध मात्र या संघटनेने मान्य केला.

परिणामांचा हा हिशेब कसाही लागला, तरी मनाचा प्रश्न वेगळा राहतो. त्यावर जैन परंपरेने फार पूर्वी विचार केला आहे. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथात उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा येते. आई देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरते, राजा नकार देतो आणि शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला जातो. एक थेंबही रक्त सांडत नाही. तरी त्या कृत्याचे फळ म्हणून मायलेकांना मोर, कुत्रा अशा योनींत जन्मामागून जन्म भोगावे लागतात. प्रत्यक्ष प्राणहरण ही द्रव्यहिंसा आणि मनातला घातक भाव ही भावहिंसा. जैन विचारात दुसरी पहिलीशिवायही घडू शकते.

वरवर पाहता ही कथा प्रत्येक गेमरला दोषी ठरवते. पण यशोधराचा दोष पिठाला सुरी लावण्यात नव्हता. पिठाच्या जागी जिवंत कोंबडा मानून वधाचा संकल्प केला गेला, दोष तिथे होता. ‘बीजीएमआय’ हा बंदुकांच्या लढाईचा मोबाइल गेम खेळणाऱ्याचे मन पाहावे. हेडफोनमध्ये डावीकडून पावलांचा आवाज येतो, बंदुकीत मोजक्या गोळ्या असतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत असते आणि साथीदार मदतीला हाक मारतो. समोरचा पडतो तेव्हा आनंद होतो तो नेम साधल्याचा, डाव जिंकल्याचा. बुद्धिबळात घोडा मारताना होणाऱ्या आनंदाचीच ही जात आहे. इथे भावहिंसा शोधणे अन्यायाचे ठरेल.

मात्र सगळे गेम असे नसतात. २००२ मध्ये अमेरिकेतील नवनाझी मंडळींनी काढलेल्या एका गेममध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि ज्यू लोकांना मारणे हेच उद्दिष्ट होते. ते खरे पिठाचे कोंबडे: लक्ष्य पडद्यावर, द्वेष मात्र रस्त्यावरच्या जिवंत माणसाचा. तत्त्वज्ञ मॉर्गन लक यांनी २००९ मध्ये हीच अडचण दुसऱ्या टोकाने मांडली. गेममधला खून खेळाडूंना चालतो, मग बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे चित्रण का चालत नाही? इजा तर दोन्हींत कोणालाच होत नाही. याचे पटण्याजोगे उत्तर आनंदाच्या उगमात आहे. खून हे जिंकण्याचे साधन असू शकते. अत्याचारात मात्र पीडिताच्या यातनेखेरीज चवीने घेण्यासारखे काहीच नसते.

गेम ही कलाच आहे, म्हणून त्यातला आनंद निर्दोष, हा बचाव इथे अपुरा पडतो. अभिनवगुप्तांच्या रसविचारात रौद्र आणि बीभत्सही आस्वाद्य होतात, कारण प्रेक्षक स्वतःचे रागद्वेष बाजूला ठेवून पाहतो. गेमर नुसता पाहत नाही, कृतीही करतो. २००९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ मध्ये विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांचे हत्याकांड चालू असते आणि बंदूक खेळाडूच्याही हातात असते. प्रवाशांवर एकही गोळी न झाडता तिथून पुढे जाता येते. म्हणजे कोणी गोळी झाडली, तर ती निवड त्याची स्वतःची.

म्हणून सरसकट बंदी आणि सरसकट माफी दोन्ही चूक आहेत. कौशल्याचा आनंद निर्दोष आहे. यातनेचा किंवा द्वेषाचा आनंद दोषास्पद आहे, मग पडद्यावर रक्ताचा एक थेंबही नसला तरी.